आधी चष्मा घाला रे!

रत्नागिरीतल्या आमच्या प्रयोगशाळेत दरवर्षी तेच! लेसर लावला की कुणीतरी वाकून डोळा थेट किरणाच्या पातळीत आणणारच. हातात चकचकीत कडं, घड्याळ. अरे, त्यावरून उसळलेला किरणही डोळा घालवतो! आणि चष्मा? दमट हवेनं बुरशी धरलेला, तोही फक्त ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा किरण अडवणारा. समोर १०६४ नॅनोमीटरचा अदृश्य किरण. तो दिसत नाही म्हणून पापणीही मिटत नाही, आणि डोळ्याचं भिंग त्याला नेमकं आतल्या पडद्यावर (रेटिनावर) एकवटतं. जळलेला पडदा पुन्हा येत नाही हो! बाजारातले हिरवे पॉइंटर तर आणखी वाईट. लेबलवर ५ मिलीवॉटपेक्षा कमी, प्रत्यक्षात कैकदा जास्त. तरी "सर, एकदाच बघतो" चालूच. नव्या चष्म्यांसाठी अर्ज केला की उत्तर ठरलेलं: पुढच्या वर्षी बघू.