समुपदेशनामुळे व्हिसा जातो, हा दावा खोटा आहे

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात जाऊ नका, तिथले बोलणे इमिग्रेशनला कळवले जाते आणि व्हिसा रद्द होतो. त्याची नोंद गुणपत्रिकेवर येते. शिवाय तिथल्या लोकांना आपल्या मुलांच्या अडचणी कळतच नाहीत, असे त्यात ठासून सांगितले आहे. माझ्या बहिणीने तो काळजीपोटी आपल्या मुलीला पाठवला. कित्येक आठवडे धड झोप न झालेल्या माझ्या भाचीने समुपदेशकाची घेतलेली वेळ रद्द केली आणि कोणालाही न विचारता दोन विषय सोडायचे ठरवले.

व्हिसाविषयीचा दावा सर्वांत घातक आहे, कारण वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरील विद्यार्थ्याचा पत्ता, अभ्यासक्रम, नोंदणी आणि तो पूर्णवेळ शिकतो आहे की नाही, ही माहिती विद्यापीठ 'सेव्हिस' या सरकारी प्रणालीत भरते; समुपदेशकाकडे कोण गेले, हे त्यात कळवायचे नसते. स्टेटस, म्हणजे विद्यार्थी म्हणून अमेरिकेत राहण्याची कायदेशीर स्थिती, खरोखर धोक्यात येते ते पूर्वपरवानगीशिवाय विषय सोडून पूर्णवेळ मर्यादेच्या खाली गेल्यास, म्हणजे माझी भाची जे करायला निघाली होती त्यानेच. आजारपणासाठी तर नियमातच सोय आहे. संघीय नियमावलीतील ८ सीएफआर २१४.२(एफ) हे कलम सांगते की परवानाधारक डॉक्टर किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांचे पत्र असल्यास डीएसओ, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांसाठी नेमलेला विद्यापीठातील अधिकारी, विषय कमी करण्याची, प्रसंगी एकही विषय न घेण्याची परवानगी देऊ शकतो आणि एका पदवीच्या पातळीवर ही सवलत एकूण १२ महिन्यांपर्यंत मिळते. प्रत्येक सत्राला ती नव्याने घ्यावी लागते. सवलत वैद्यकीय कारणासाठी आहे, एवढी नोंद सेव्हिसमध्ये होते हे खरे. पण ती नोंद स्टेटस राखणारी आहे. ज्या दारातून हे पत्र मिळण्याची वाट सुरू होते, तेच दार हा संदेश बंद करतो, याची मला चीड येते.

यात अर्धसत्य आहे ते मान्य करते. समुपदेशकाची गोपनीयता अमर्याद नसते. जिवाला तातडीचा धोका, बालकावरील अत्याचार किंवा न्यायालयाचा आदेश असेल तर त्याला माहिती द्यावी लागू शकते. मानसिक विकाराशी निगडित वर्तनामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका असेल, तर व्हिसा नाकारण्याची तरतूदही कायद्यात आहे. परंतु झोप लागत नाही, मार्गदर्शक प्राध्यापकांची धास्ती बसली आहे, वर्गात कोणाशी बोलणे होत नाही, असे सांगायला गेलेल्या मुलीला ती कशी लागू होईल?

गुणपत्रिकेचा मुद्दा फार वेळ घेण्यासारखा नाही. तिच्यावर विषय आणि श्रेणी असतात. उपचारांच्या नोंदी वेगळ्या ठेवल्या जातात आणि विद्यार्थ्यांच्या नोंदी गोपनीय ठेवणाऱ्या १९७४च्या फर्पा या अमेरिकी कायद्यानुसार विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय त्या नोकरी देणाऱ्याच्या हाती देता येत नाहीत.

समुपदेशकांना आपली मुले कळत नाहीत, ही तक्रार मात्र सर्वस्वी खोटी नाही. घरच्यांनी काढलेल्या कर्जाचे ओझे काय असते, हे काहींना समजावून सांगावे लागते. अनेक केंद्रांत भेटींची संख्या मर्यादित असते आणि वेळ मिळायला आठवडे जातात. अशा वेळी दुसरा समुपदेशक मागता येतो, बाहेरच्या तज्ज्ञांची नावे मागता येतात आणि त्यांचा खर्च विद्यार्थी आरोग्यविम्यात किती बसतो, हे केंद्रातच विचारता येते. रात्री-अपरात्री जीव नकोसा झाल्यास ९८८ हा अमेरिकेतील मदतीचा दूरध्वनी क्रमांक चोवीस तास सुरू असतो.