टेकडी उन्हाळ्यात ओसाड नसते हो

पुण्याच्या वेताळ टेकडीवरचा हा लेख चांगलाय, पण "वेताळ टेकडी उन्हाळ्यात ओसाड पडते, तिथे दाट झाडी वाढवायला हवी" हे वाक्य काही पटलं नाही. अहो ते गवत वाळणारच, पावसाळ्यात उगवायचं आणि दिवाळीनंतर पिवळं पडायचं हाच त्याचा क्रम आहे, त्याला ओसाड कसं म्हणायचं? एप्रिल-मे मध्ये जरा सकाळी लवकर जाऊन बघा, टिटवी उघड्यावरच खड्यांमध्ये अंडी घालते, रंग असा की पायाखाली आली तरी कळत नाही, आणि आपण जवळ गेलो की डोक्यावर घिरट्या घालत नुसता आरडाओरडा. चंडोल, रातवा हे पक्षीही जमिनीवरच अंडी घालणारे. नेमकं त्याच दिवसांत वृक्षारोपणवाले पावसाआधी खड्डे खणायला येतात. हेतू चांगलाच असतो, पण जागा बघून खणा ना!

आणि दाट झाडीचा प्रयोग आधीच करून झालाय की. गिरिपुष्प मध्य अमेरिकेतलं झाड, पटकन वाढतं म्हणून पुण्याच्या टेकड्यांवर भरमसाट लावलं. फेब्रुवारीत गुलाबी फुलतं तेव्हा फोटो झकास येतात, ते मान्य, पण त्याच्या गर्दीत खाली गवत धड उगवत नाही. लावायचीच असतील तर सालई, पांगारा, गणेर अशी इथलीच झाडं लावा, तीही विरळ. त्यापेक्षा वाळलेल्या गवताला काडी लावणाऱ्यांना आवरा आणि फिरायला आणलेली कुत्री मोकळी सोडू नका एवढं लेखात सांगितलं असतं तरी खूप झालं असतं.