लेखकांचे कारकून? 'जुना वाचक' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

'जुना वाचक' यांना नमस्कार.

रहस्यकथा लिहू पाहणाऱ्यांसाठीच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि चांगलंच झणझणीत लिहिलंत. थोडक्यात तुमचं म्हणणं असं, की पंचनामा, रिमांड, हद्द वगैरे नवोदितांच्या गळ्यात बांधून मी लेखकांचे कारकून करतोय. वाचकाला थरार हवा असतो, कलमं नकोत. शिवाय सीसीटीव्ही आणि मोबाईल आल्यापासून रहस्यकथा संपल्यातच जमा आहे, मग हा खटाटोप कशाला?

पटतं तेवढं आधी मान्य करतो. माहिती ओतलेली कथा वाचवत नाही. नायक प्रेतासमोर उभा आहे आणि लेखक आपल्याला शवविच्छेदनाची पद्धत समजावून सांगतोय, असं दिसलं की मीही पानं उलटतो. पण तो दोष ओतण्याचा. माझा मुद्दा पोलिसांना काय करता येत नाही हे लेखकाला ठाऊक हवं, एवढाच होता. वाचकाला ते सांगायची वेळ बहुतेकदा येतच नाही.

एकच उदाहरण नीट बघू. आपल्या रहस्यकथांचं ठरलेलं शेवटचं प्रकरण: इन्स्पेक्टर टेबलावर मूठ आपटतो, आरोपी कोसळतो, घडाघडा सगळं कबूल करतो, समाप्त. प्रत्यक्षात पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध कोर्टात चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे २५वं कलम होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते २३वं आहे. म्हणजे तुमची कथा जिथे संपते तिथे खऱ्या तपास अधिकाऱ्याची पंचाईत सुरू होते. खून कोणी केला ते त्याला कळलंय आणि कोर्टात ते सांगता येत नाही. आयतं मिळालेलं हे प्रकरण आपण टेबलावरच्या एका मुठीत घालवून बसतो.

पुढची गंमत त्याच कायद्यातल्या एका फटीत आहे. कोठडीतल्या आरोपीने सांगितल्यामुळे एखादी वस्तू सापडली, तर त्या सापडण्याशी थेट जोडलेलं तेवढं बोलणं ग्राह्य धरतात. १९४६ साली पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, ही रेघ फार बारीक मारली. चाकू घराच्या छपरात लपवलाय, हे चालेल. त्यालाच जोडून 'ज्याने मी त्याला भोसकलं' असं तो म्हणाला, तर तेवढे शब्द वगळायचे. एकाच दमात बोललेलं वाक्य, अर्धं कोर्टाच्या आत आणि अर्धं बाहेर. असा संवाद कल्पनेने सुचायला फार वरच्या दर्जाची प्रतिभा लागेल. इथे तो फुकट पडलाय.

म्हणूनच पोलीस आरोपीला घेऊन वस्तू काढायला जातात आणि बरोबर दोन पंच, म्हणजे त्रयस्थ साक्षीदार, नेतात. मला विचाराल तर आपल्या लेखकांनी जवळजवळ न वापरलेलं पात्र हेच. पंच म्हणजे कोण? ठाण्यासमोरचा अमृततुल्य चहावाला, शेजारचा झेरॉक्सवाला. 'चला शेठ, पाच मिनिटांचं काम आहे' म्हणून उठवलेला. तो नदीकाठी जातो, चिखलातून कोयता निघालेला बघतो, सही करतो आणि विसरून जातो. काही वर्षांनी समन्स येतं. बचावाचा वकील त्याला विचारणार, की तुम्ही किती फुटांवर होतात, उजेड कसला होता, याआधी कितीदा पंच झालात. पोलिसांना नाराज करून त्यांच्यासमोर धंदा करता येत नाही, आणि आरोपीच्या भावालाही याचं दुकान ठाऊक आहे. कथेत ते असं येईल:

'कागद तुम्हाला वाचून दाखवला होता?'

चहावाल्याने मागच्या बाकाकडे बघायचं टाळलं. आरोपीचा भाऊ तिथे बसला होता. दुकान उघडल्यावर पहिला चहा त्याचाच असायचा, आणि गेल्या आठवड्यापासून तो पैसे देऊन जात होता.

'आठवत नाही, साहेब.'

यात कलमाचा आकडा आहे का कुठे? पण ते कलम नसतं तर हा माणूस साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आलाच नसता. तुम्हाला हवा असलेला थरार मला इथे दिसतो. यासाठी पुस्तकं विकत घ्यायची गरज नाही. पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात खुनाच्या खटल्याची सुनावणी सहसा खुलीच असते. मोबाईल बंद करून मागे बसायचं आणि उलटतपासणी ऐकायची. माणसं खोटं बोलताना किती छोटी वाक्यं बोलतात, ते कान देऊन ऐका. आपली पात्रं खोटं बोलताना निबंध लिहितात.

हद्दीचंही तसंच. बोपोडी आणि दापोडीच्या मध्ये मुळा नदीवर हॅरिस पूल आहे. एका काठाला पुणे पोलीस आयुक्तालय, दुसऱ्या काठाला पिंपरी-चिंचवडचं. पुलाखाली प्रेत अडकलं तर ते कोणाचं? झिरोने, म्हणजे हद्द न बघता, गुन्हा नोंदवून पुढे पाठवता येतो, मान्य. पण ते पाठवण्याआधी दोन्ही काठांवरचे साहेब एकमेकांना फोन करत असतात, ती दुपार लिहा. मात्र कथा २०१५ सालची असेल तर हे भांडण लावू नका. पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ ला सुरू झालं. त्याआधी दोन्ही काठ पुण्याच्याच आयुक्तांचे. तसंच, गुन्हा १ जुलै २०२४ नंतरचा असेल तर खुनाचं कलम भारतीय न्याय संहितेतलं १०३. पण तुमचा पन्नाशीतला हवालदार बोलताना 'तीनशे दोन'च म्हणेल. म्हणू द्या.

बाकीचं भराभर. क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकावर धरला की माणूस क्षणात आडवा होतो, हे खोटं. काही मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ तो झटापट करतो. ती झटापट लिहा. मृत्यूची वेळ 'दहा वाजून वीस मिनिटं' अशी कोणी डॉक्टर सांगत नाही, काही तासांचा पट्टा सांगतो. शरीराचा ताठरपणा जबड्याकडून सुरू होऊन साधारण बारा तासांत अंगभर पसरतो, आणि मे महिन्यातल्या पुण्यात हे सगळं लवकर उरकतं. त्या पट्ट्यात दोन संशयित बसवता आले तर तुमचं अर्धं काम झालं.

आता सीसीटीव्ही. सोसायटीच्या कॅमेऱ्याचं घड्याळ कधी कोणी लावलेलं पाहिलंय? ते वीस मिनिटं पुढे असतं, एखादं तर वीज गेल्यापासून भलतीच तारीख दाखवत असतं. डिस्क भरली की जुन्या चित्रणावर नवं चढतं, म्हणजे तुमच्या नायकाला आयती मुदत मिळाली. मोबाईलचा टॉवर फोन कुठे होता ते सांगतो, माणूस कुठे होता ते नाही. अनंत चतुर्दशीच्या रात्री लक्ष्मी रोडवरच्या गर्दीत कोणाचा फोन कोणाच्या खिशात होता, हे टॉवरला विचारून बघा. पूर्वी संशयिताला 'मी तिथे नव्हतो' हे माणसांकडून वदवून घ्यावं लागायचं; आता तो यंत्राला खोटं बोलायला लावतो. लेखकाचं नुकसान काय झालं?

जाता जाता तुम्ही एक टोला हाणलाय, की उद्या भुताच्या गोष्टीलाही पंचनामा लावणार का. लावणार. भुताला काय करता येत नाही हे ठरलेलं नसेल तर वाचक घाबरत नाही, नुसता वाट बघतो. कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्याकडे पाणी आणणारा पेशवेकालीन भुयारी नळ घ्या. वाटेत उच्छ्वास, म्हणजे हवेसाठी वर उघडी ठेवलेली तोंडं, शहरात हौद, आणि पाणी वाहणार ते केवळ उताराने. तुमचं भूत त्या पाण्याबरोबर फिरत असेल तर त्याला शहराकडेच येता येईल, मागे फिरता येणार नाही. वर निघायचं तर उच्छ्वासातून नाहीतर हौदातून. एवढं ठरलं की नायिकेला पळायची दिशा मिळते: चढाने, दक्षिणेला, स्वारगेटवरून कात्रजकडे. आणि रात्री दीड वाजता तिकडे यायला रिक्षावाला काय म्हणतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.