इंद्र, यम, राजा

काल सकाळी मी माझ्या स्वतःच्या, माझ्याच नावावर वीस वर्षांचं कर्ज असलेल्या घराच्या जिन्यावर पाय ठेवला आणि मागून आवाज आला, "चपला!"

वळून बघतो तर अण्णा. हातात नारळाची वाटी, मिशीला खोबऱ्याचा कण.

"पहिल्या पायरीला हळदकुंकू लावलंय. चपला काढून चढा."

आजूबाजूला सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, सळयांचे तुकडे, फळ्यांमधून वर तोंड काढलेले खिळे. अशा जागी शहाणा माणूस गमबूट घालून जातो. मी चपला काढल्या. का काढल्या ते माहीत नाही. उजवी टाच अजून ठणकतेय.

मागची गोष्ट थोडक्यात अशी. साताऱ्यात वडिलांनी घेऊन ठेवलेला तीन गुंठ्यांचा प्लॉट, म्हणजे 3267 चौरस फूट. त्यावर आईबाबांसाठी आणि कधीतरी आमच्यासाठी बंगला. मी पुण्यात. दर रविवारी 110 किलोमीटर, दोन टोलनाके, मध्ये खंबाटकी, एवढं करून साइटवर जायचं आणि "मालक, काळजीच सोडा" हे वाक्य ऐकून परत यायचं. कॉन्ट्रॅक्टर इतक्या वेळा काळजी सोडायला सांगतो की मला काळजीच वाटायला लागते.

नकाशा ठरला तेव्हा अख्खं कुटुंब आर्किटेक्टच्या टेबलाभोवती बसलं होतं. आईला देवघर ईशान्येला हवं होतं. बाबांना वऱ्हांड्यात झोपाळा, आणि त्याचे हूक स्लॅब पडण्याआधी बसवायचे हे त्यांनी चार वेळा सांगितलं. बायकोने ओट्याची उंची घरून टेपने मोजून आणली होती, 33 इंच, आणि तो आकडा आर्किटेक्टकडून दोनदा वदवून घेतला. मुलाला आतून कडी हवी होती, बाकी घर कसंही चालेल. मग कॉम्प्युटरवर काढलेलं रंगीत चित्र आलं. त्यात हिरवळ, आमची नसलेली लाल गाडी आणि फाटकाशी कुत्रं घेऊन उभी एक उंच बाई. "ही कोण?" आईने विचारलं. आर्किटेक्ट म्हणाला, "ती अशीच असते." आईने माझ्याकडे बघितलं.

मी फक्त एक कट्टा मागितला. जिना जिथे वळतो त्या चौकाच्या पाठीमागे, पूर्वेच्या खिडकीला लागून, अडीच फूट रुंद. पाय दुमडून बसावं, पाठीला भिंत, हातात पुस्तक, बाहेर अजिंक्यतारा. एवढं एकच मागणं होतं. ते नकाशात आलं, मंजूर झालं, माझी तिथे सही आहे.

आता अण्णा. अण्णा शेजारच्या प्लॉटवर राहतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, म्हणजे आयुष्य कालव्यांवर गेलं. पण खातं कुठलंही असो, निवृत्तीनंतर माणूस बांधकामखात्याचाच होतो. रोज संध्याकाळी हात मागे बांधून ते आमच्या साइटवर येतात. एकदा त्यांनी मिस्त्रीचा ओळंबा मागून घेतला, भिंतीला लावला, बराच वेळ बघितला आणि काही न बोलता परत दिला. मिस्त्रीने दुसऱ्या दिवशी ती भिंत उतरवून पुन्हा बांधली.

मागच्या रविवारी भिंतीवर खडूने पायऱ्या आखून झाल्या होत्या. मजल्याची उंची दहा फूट, पायरी सात इंचांची, एकूण सतरा. मी गाडीतून उतरलो तेव्हा अण्णा त्या आखणीसमोर उभे होते आणि खडूच्या एकेका रेषेवर बोट ठेवत देवळात म्हणावं तसं म्हणत होते, "इंद्र, यम, राजा. इंद्र, यम, राजा. इंद्र..." आवाज चढत गेला. कॉन्ट्रॅक्टर, मिस्त्री, दोन बिगारी, सगळे घमेली खाली ठेवून ऐकत होते. सतराव्या रेषेवर बोट थांबलं.

"यम," अण्णा म्हणाले.

बिगाऱ्याने डोक्यावरचा टॉवेल काढला.

मी हसलो. हसलो ही चूक झाली. "हसू नका. शेवटची पायरी यमावर संपते. म्हणजे रोज रात्री झोपायला जाताना तुम्ही कोणाच्या दारात उभे?"

"अण्णा, एक पायरी वाढवू. अठरावी राजा."

"सम! जिना सम कधी ऐकलाय? उजवा पाय ठेवून चढायला लागायचं आणि उजवाच वर पोचला पाहिजे."

"मग दोन कमी करू. पंधरा. राजाही, विषमही." इथे माझा स्वार्थ होता. पायऱ्या कमी झाल्या तर जिना आखडतो आणि माझा कट्टा रुंद होतो.

"दहा फुटांत पंधरा म्हणजे पायरी आठ इंचांची," अण्णांनी तोंडीच हिशेब केला. "आईंचे गुडघे बघितलेत का?" आईच्या गुडघ्यांची चौकशी त्यांनी माझ्याआधी केली होती, हे मला लागलं. त्यावर मी जरा तिरकस विचारलं, "अण्णा, तुमच्या जिन्याला किती पायऱ्या?"

अण्णांचं घर बैठं आहे. गच्चीवर जायला मागच्या भिंतीला लोखंडी शिडी आहे.

"शिडीला पायऱ्या नसतात," ते म्हणाले. "दांडे असतात. दांड्यांना हा नियम नाही."

सगळ्यांनी माना हलवल्या. कॉन्ट्रॅक्टरनेही. मी निक्षून सांगितलं, नकाशात सतरा आहेत, सतराच करा. "व्हय मालक, काळजीच सोडा." मी पुण्याला परतलो.

गुरुवारी जिना भरला. एकोणीस पायऱ्यांचा.

आता इथे मला विनोद सुचत नाही. हा कॉन्ट्रॅक्टर मला रोज सकाळी साडेसहाला गुलाबाचं फूल आणि सुप्रभात पाठवतो. गुरुवारीही पाठवलं. त्याच फोनवरून "मालक, जिना बदलतोय" एवढं पाठवायला काय झालं होतं? सळई वाढली, फळ्या उलगडून पुन्हा ठोकल्या, त्याचे पैसे 'एक्स्ट्रा आयटम' म्हणून माझ्या बिलात आहेत. बँक हप्ता सोडते तो माझ्या सहीवर. आणि जिन्याची पायरी ठरते कुणाच्या तोंडावर, तर ज्याला गच्चीवर पापड वाळत घालायलासुद्धा शिडी लागते त्याच्या. पुण्याहून मी दर रविवारी येतो तो नक्की कशाला? आर्किटेक्टला फोन केला तर तो म्हणाला, "एकोणीस म्हणजे सव्वासहा इंचांची पायरी. खरं तर चढायला सोपी." त्याच्या आवाजात थोडी सुटका होती. बहुतेक यम त्यालाही नको होता.

दोन पायऱ्या वाढल्या, म्हणजे जिन्याच्या दोन्ही बाजूंना एकेक. प्रत्येकी दहा इंच. तेवढा चौक मागे सरकला आणि अडीच फुटांतले दहा इंच घेऊन गेला. कट्ट्याला राहिले वीस इंच. वीस इंचांवर पाय दुमडून बसता येत नाही. मी काल बसून पाहिलं. गुडघे थेट खिडकीबाहेर जातात.

"मालक," कॉन्ट्रॅक्टर शेजारी उभा राहून म्हणाला, "तिथं चपलांचं कपाट झकास बसतंय बघा."

मी काही बोललो नाही. अनवाणी जिना चढलो. ओली गोणपाटं पायाखाली गार लागत होती. खालून अण्णा मोजत होते, "इंद्र, यम, राजा," आणि वरच्या पायरीवर पोचलो तेव्हा त्यांनी "इंद्र!" असं इतक्या आनंदाने म्हटलं की बिगारी टाळ्या वाजवतात की काय असं वाटलं. उजवाच पाय वर होता. ते लक्षात आल्यावर जास्तच राग आला. वर अजून भिंती नाहीत, चारी बाजूंनी वारा. तिथे उभा राहून मी दहा मिनिटं उगाच स्लॅबकडे बघितलं, मालकाने बघावं तसं.

खाली आलो तर पहिल्या पायरीशी चपला नव्हत्या.

"इथे आहेत," अण्णा म्हणाले. त्यांनी त्या उचलून माझ्या कट्ट्याच्या जागी, खिडकीखाली, जोडीने नीट लावून ठेवल्या होत्या. शेजारी त्यांच्या आणि कॉन्ट्रॅक्टरच्याही होत्या. अजून दोन जोड सहज मावले असते.