शहरं म्हणे लोंढ्यांमुळेच फुगतात! त्या फॉरवर्डचा जरा हिशोब करू

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय, सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, आमच्याकडे तर भजनी मंडळाच्या ग्रुपवरही आला. थोडक्यात मजकूर असा: श्रीमंत देशांनी शहरं वेळीच कंट्रोल केली, गरीब देशांत मात्र खेडी ओस पडतायत आणि लोंढेच्या लोंढे महानगरांत घुसतायत, 2050 ला दोन तृतीयांश जग शहरात असणार, तेव्हा आत्ताच शहरात यायला परमिट लावा. खाली हात जोडलेले इमोजी.

2050 चा आकडा बरोबर आहे, त्यावर वाद नाही. संयुक्त राष्ट्रांचा 2018 चा अंदाज 68 टक्के असाच आहे आणि शहरांत जे साधारण 250 कोटी लोक वाढणार त्यातले जवळपास नव्वद टक्के आशिया आणि आफ्रिकेत. पण बाकीच्या मजकुरात फार गडबड आहे.

श्रीमंतांनी कंट्रोल केली म्हणे. कधी केली बुवा? लंडन 1801 ला साधारण दहा लाखांचं होतं, 1901 ला पासष्ट लाखांचं झालं. इंग्लंडातल्या एडविन चॅडविक या आरोग्य-सुधारकाच्या 1842 च्या रिपोर्टात मँचेस्टरच्या मजूर कुटुंबांतलं मरणाचं सरासरी वय 17 दिलंय, आणि रटलंडसारख्या खेडवळ भागातल्या मजुरांचं 38. 1858 च्या उन्हाळ्यात थेम्स इतकी घाण मारत होती की पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे ब्लीचिंगच्या चुन्यात भिजवून लावायची वेळ आली, आणि तेव्हा कुठे खासदारांनी गटारांसाठी पैसे मंजूर केले. माणसं कुणी अडवली नव्हती. आज तिथली वाढ मंदावलीय कारण उत्तर अमेरिकेत 82 टक्के आणि युरोपात 74 टक्के लोक 2018 लाच शहरात होते, खेड्यातून यायला उरलंय कोण, आणि पोरंही कमी होतायत. काही ठिकाणी तर उलटी गंगा, अमेरिकेतलं डेट्रॉइट 1950 ला साडेअठरा लाखांचं होतं ते 2020 ला साडेसहा लाखांच्याही खाली गेलं. आता याला कंट्रोल म्हणायचं असेल तर म्हणा.

खरी मेख लोंढ्यांच्या मुद्द्यात आहे. जुन्या युरोपातल्या मोठ्या शहरांत जन्मापेक्षा मरण जास्त असायचं, म्हणजे बाहेरून माणूस आला नाही तर शहर आटायचंच. आजच्या गरीब देशांत तसं नाहीये. लस आली, क्लोरीनचं पाणी आलं, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी आलं, त्यामुळे झोपडपट्टीतलं मूलही बहुतेक वेळा जगतं आणि शहर आतूनच वाढतं. आपल्याच जनगणनेत बघा. 2001 ते 2011 मध्ये भारताची शहरी लोकसंख्या 28.6 कोटींवरून 37.7 कोटींवर गेली. या नऊ कोटींत सगळ्यात मोठा वाटा, साधारण पाचातले दोन किंवा थोडा जास्तच, शहरातच जन्मलेल्यांचा. खेड्यातून खरोखर बोचकं बांधून आलेले जेमतेम पाचातला एक. त्या शहरातच जन्मलेल्या पोराचं परमिट कुठल्या गावाचं काढणार, हे मेसेजवाल्या काकांनी सांगावं.

आणि उरलेली वाढ? ती मला सगळ्यात मजेशीर वाटते. माणूस जागचा हलत नाही आणि शहरी होतो. पाच हजारांच्या वर वस्ती, चौरस किलोमीटरला किमान 400 माणसं, आणि कमावत्या पुरुषांपैकी पाऊणजण शेतीबाहेरच्या कामात, एवढं जमलं की जनगणना त्या गावाला शहर म्हणते. कागदावर मात्र ग्रामपंचायतच राहते. म्हणजे बिल्डरच्या सात मजली इमारती उभ्या, खाली मोबाईलची दुकानं, पाण्याला टँकर, आणि कचऱ्याची तक्रार घेऊन जायचं ते सरपंचाकडे. अशी ठिकाणं 2001 ला 1362 होती, 2011 ला 3894 झाली. तिथे कुणाचा लोंढा आला नाही हो, गावच बदललं.

खेडी ओस पडतायत हेही सरसकट खरं नाही. त्याच दहा वर्षांत भारताची ग्रामीण लोकसंख्यासुद्धा नऊ कोटींनी वाढलीय. कोकणाचं दुःख वेगळं आहे, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे त्या दशकात खरंच आकसले, बंद घरं आणि वाढलेलं रान तिथे कुणालाही दिसेल. पण कोकणावरून अख्ख्या गरीब जगाचा अंदाज बांधू नका, आफ्रिकेत तर शहरं आणि खेडी दोन्ही वाढतायत.

महानगरांबद्दल एवढंच की 2018 ला जगातल्या शहरी लोकांपैकी जवळपास निम्मे पाच लाखांहून कमी वस्तीच्या शहरांत होते आणि कोटीच्या वरच्या महानगरांत आठातला एक. मुंबई शहर जिल्हा, म्हणजे कुलाबा ते माहीम-सायन, 2001 ते 2011 मध्ये 33.4 लाखांवरून 30.9 लाखांवर आला, वाढ गेली ठाणे जिल्ह्यात. आणि भाकितांचं म्हणाल तर सत्तरच्या दशकात मेक्सिको सिटी 2000 साली तीन कोटींच्या वर जाणार असं छापलं होतं, प्रत्यक्षात 1.8 कोटींच्या आसपास थांबली.

लोक वेडे नसतात, काम नसेल तर परत जातात. झांबियात तांब्याचे भाव पडले, खाणींच्या पट्ट्यातली कामं गेली, तर 1980 ला 40 टक्क्यांच्या आसपास असलेला देशाचा शहरी वाटा 2000 ला 35 वर आला. कुणी हाकललं नव्हतं.

राहिलं परमिट. आपल्याकडे संविधानाचं कलम 19 कुठेही जायचा, राहायचा हक्क देतं, त्यामुळे ते मुळातच अवघड. चीनने 1958 पासून हुकोऊ नावाची नोंदणी लावून हेच करून पाहिलं. पुढे कारखान्यांना माणसं हवी झाली तशी ती आलीच, फक्त शहराची नोंद नसलेले वीस कोटींहून जास्त कामगार तयार झाले, ज्यांच्या पोरांना तिथल्या सरकारी शाळेत जागा मिळवायची तर मारामार, म्हणून कितीतरी पोरं गावी आजी-आजोबांकडे वाढली. आणि मुंबईत 1921 च्या सुमारास पाचातले चारहून जास्त लोक बाहेर जन्मलेले होते, त्यात रत्नागिरीचे किती होते ते गिरणगावातल्या कुठल्याही जुन्या घरात विचारा. परमिट तेव्हा असतं तर ग्रुपवरच्या निम्म्यांचे पणजोबा बोटीवरूनच परत गेले असते.