ओरखडा पडला की कळतं कोटिंग कुठल्या लायकीचं ते

काल कट्ट्यावर मंद्याने नेहमीप्रमाणे पिन मारली, म्हणे कोटिंग बिटिंग सगळं थोतांड, वरून मेकअप, आतला माल जो असतो तोच राहतो.

सुजाता फॅब्रिकेशनच्या लाइनमधली, ती कसली ऐकून घेतेय. म्हणाली, मग लोखंडी पत्र्यावर जस्त काय शोभेला चढवतात का रे? नुसत्या रंगाला ओरखडा पडला की गंज तिथून शिरतो आणि रंगाच्या खालून खालून पसरत जातो, वरून सगळं चकाचक, मग एक दिवस फुगवटा येतो आणि नखाने उचकटलं तर पापुद्राच हातात. गॅल्वनाइज्ड पत्र्याचं तसं नाही, बारीक ओरखड्यातून लोखंड उघडं पडलं तरी जस्त जास्त अॅक्टिव्ह असल्याने आधी ते झिजतं आणि शेजारचं लोखंड वाचवतं.

मग कथलाचंही तेच असणार, मंद्या म्हणाला, आणि इथेच फसला. कथिल लोखंडापेक्षा कमी अॅक्टिव्ह, त्यामुळे थर अखंड आहे तोवर झकास, पण एकदा का तडा गेला की तिथलं लोखंड उलट जास्तच जोरात गंजतं. आणि खाली तेल, धूळ, जुना गंज तसाच ठेवून वर काहीही मारलं तरी ते सुटणारच, त्यात कोटिंगचा काय दोष.

सुऱ्याने गोळ्यांचं काढलं, मला तर तेच सगळ्यात भारी वाटतं. एन्टेरिक कोटिंग जठरातल्या अॅसिडमधे टिकतं आणि पुढे आतड्यात आम्लता कमी झाली की विरघळतं, म्हणजे कधी औषध अॅसिडपासून वाचवायचं असतं तर कधी जठराला औषधापासून. अशी गोळी चावली किंवा कुटली की संपलं सगळं. "मी तर सगळ्याच गोळ्या अर्ध्या करून घेतो," मंद्या. यावर कोणी काही बोललंच नाही, सुजाताने फक्त कपाळावर हात मारला.

तरी गडी मागे हटेना. अॅल्युमिनियमचं अॅनोडायझिंग घ्या म्हणे, अॅसिडच्या बाथमधे करंट देऊन त्याच धातूचा ऑक्साइड वाढवतात, वरून काही लावतच नाहीत, मग ते कोटिंग कसलं? मुद्दा बिनतोड होता, मान्य करायला हवं. सुजाताचं म्हणणं, धंद्यात त्याला कन्व्हर्जन कोटिंग म्हणतात, थर कुठून आला याच्याशी काय घेणंदेणं, खालचा धातू झाकला गेला ना? त्यावरून दोघांची जी जुंपली ती आम्ही उठलो तरी चालूच होती.