अभंग तुकोबांचा, क्लेम कंपनीचा

गोव्यात वास्कोचा दामोदर सप्ताह असो की गावच्या देवळातलं भजन, यूट्यूबवर लाइव्ह लावलं की थोड्याच वेळात 'कॉपीराइट क्लेम' येऊन आदळतो. कधी तर चालू भजनाच्या जागी नुसतं एक चित्र लटकतं. तुकोबांना जाऊन पावणेचारशे वर्षं झाली, त्यांच्या शब्दांवर आज कोणाचाही हक्क नाही. पण एखाद्या कंपनीने त्याच अभंगाचं रेकॉर्डिंग यूट्यूबच्या कंटेंट आयडी नावाच्या, सूर ओळखणाऱ्या यंत्रात घालून ठेवलेलं असतं. यंत्राला ना बुवा कळतो ना पखवाज. सूर जुळले की लावला दावा!

आता चाल हल्लीच्या संगीतकाराची असेल, तर त्यांच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो, हे मान्य. पण पुष्कळदा बुवांचा काही संबंधच नसतो. दोन पथकांच्या मधल्या वेळात साउंडवाला पेनड्राइव्ह लावतो, ते मूळ रेकॉर्डिंग पकडलं जातं. म्हणून स्ट्रीमला जाणारी ऑक्स लाइन (मिक्सरमधून निघणारी जादा आवाजवाट) वेगळी घ्या आणि पेनड्राइव्हच्या चॅनलचा ऑक्स शून्यावर ठेवा. चोवीस तास एकच स्ट्रीम चालवू नका. १२ तासांवरचा स्ट्रीम यूट्यूब साठवत नाही, आणि ६ तासांवरच्या व्हिडिओतून दाव्याचा तुकडा कापताही येत नाही. पाच-पाच तासांनी तोडा.

एवढं करूनही क्लेम आला, तर भांडायचं कसं ते बघा. डिस्प्यूट टाकला की निर्णय देणार कोण? ज्याने दावा लावला तोच! त्याला ३० दिवस. त्याने नाही म्हटलं तर अपील, त्याला आणखी ७ दिवस. तरी तो हटला नाही तर थेट व्हिडिओ काढायची नोटीस आणि स्ट्राइक, म्हणजे चॅनलच्या नावावर एक ठपका. ९० दिवसांत असे तीन झाले की चॅनल उडालं. यावर काउंटर नोटीस भरता येते, पण त्यात 'खोटं असल्यास शपथभंगाची शिक्षा मान्य' आणि 'अमेरिकेतल्या कोर्टाचा अधिकार मान्य' असं लिहून द्यावं लागतं. म्हार्दोळच्या भजनी मंडळाने कॅलिफोर्नियातलं कोर्ट मान्य करायचं! आणि तक्रार करणारी कंपनी? तिची शपथ फक्त 'मी हक्कदाराच्या वतीने बोलतोय' एवढ्यापुरती. दावा खरा आहे, यासाठी नुसता 'प्रामाणिक समज' पुरतो. ज्याच्या हाती ससा तो पारधी, दुसरं काय.

हे कलम आकाशातून पडलेलं नाही. अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्यातलं आहे ते. त्याच आठवड्यात अमेरिकेने कंपन्यांच्या मालकीच्या कृतींची मुदत ७५ वरून ९५ वर्षं केली. तिथे कंपनीला केंद्रीय निवडणुकीत उमेदवाराला थेट पैसे देता येत नाहीत. मग सिनेमाचे स्टुडिओ आणि संगीत कंपन्या आपापल्या पीएसी, म्हणजे निवडणुकीसाठी देणग्या जमवणाऱ्या समित्या, काढतात आणि एका उमेदवाराला एका निवडणुकीत ५,००० डॉलर देतात. प्राथमिक फेरी वेगळी, मुख्य वेगळी, म्हणजे झाले दहा हजार. २०१२ च्या जानेवारीत इंटरनेटवरच्या चोरीविरुद्धचं 'सोपा' (SOPA) विधेयक बारगळलं, तेव्हा स्टुडिओंच्या संघटनेचे प्रमुख, माजी सिनेटर क्रिस डॉड टीव्हीवरच बोलून गेले: तुमची खुर्ची डळमळली की माझ्याकडे चेक मागता आणि माझा धंदा डळमळला की बघत नाही, हे चालणार नाही. निर्लज्जपणा म्हणा, पण निदान उघड होता. कोणाच्या पीएसीने कोणाला किती दिले, ते तिथे घरबसल्या तपासता येतं.

आपल्याकडे २०१७ मध्ये कंपन्यांच्या देणगीची साडेसात टक्क्यांची मर्यादाच काढली आणि पक्षाचं नाव सांगायची अटही. वर निवडणूक रोखे आले. १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने हे सगळं रद्द केलं, तेव्हा कुठे एप्रिल २०१९ पासूनची नावं बाहेर पडली. आता इलेक्टोरल ट्रस्ट आहेतच. कंपनी ट्रस्टला देते, ट्रस्ट पाच पक्षांना वाटतो, आणि कंपनीच्या हिशेबात नाव येतं फक्त ट्रस्टचं. कॉपीराइटचं एखादं कलम कोणाच्या पैशाने वाकलं की नाही वाकलं, हे शोधायचं तरी कसं?

आणि गोवा विधानसभेकडे बघून उपयोग नाही, कॉपीराइट हा केंद्राचा विषय. लग्नात गाणी वाजवायला परवान्याचा आग्रह धरू नका, असं परिपत्रक राज्य सरकारने ३० जानेवारी २०२४ ला काढलं होतं. हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने ते ऑगस्टमध्ये रद्द केलं.

राहिले आपले दोन खासदार. आपल्याच कॉपीराइट नियमांत, नियम ७५ मध्ये, तक्रारदाराने २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर मजकूर परत सुरू करता येतो. कंटेंट आयडीचा क्लेम ही कायदेशीर नोटीसच नव्हे, यूट्यूबची घरची व्यवस्था, म्हणून तो या नियमातून अलगद निसटतो. तो नियमाखाली का आणत नाही, एवढं तरी त्या दोघांनी लोकसभेत विचारावं. त्याला कोणाचा चेक लागत नाही.